कॅरल काउंटी (इलिनॉय) : हवामान व ऋतुमान

कॅरल काउंटी ही अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या वायव्य भागातील, मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावरची शेतीप्रधान काउंटी. मुख्य ठिकाण माउंट कॅरल. सव्हाना व थॉमसन ही नदीकाठची गावे. लोकसंख्या सोळा हजारांच्या आत. हवामान आर्द्र खंडीय : हिवाळा कडक, उन्हाळा दमट आणि पाऊस बारमाही. वर्षाकाठी सुमारे 900 मिमी पाऊस पडतो. त्याचा जोर मे ते ऑगस्टमध्ये असला तरी त्याला वेगळा पावसाळा म्हणता येत नाही.

इलिनॉयचे आजवरचे नीचांकी तापमान याच काउंटीतले आहे. 31 जानेवारी 2019 रोजी सकाळी माउंट कॅरलला पारा उणे 38 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 38.9 सेल्सिअसवर उतरला. (उणे 40 ला दोन्ही मापे एक होतात, त्यामुळे एवढ्या थंडीत अंश कोणते हे विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.) राज्याचा आधीचा नीचांक 1999 मधला, काँगरव्हिलचा उणे 36 फॅरनहाइट. त्या आठवड्यात ध्रुवीय हवेचा मोठा लोट दक्षिणेकडे सरकला होता. जमिनीवर बर्फ, वर निरभ्र आकाश आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब रातोरात निघून जाते, आणि जड झालेली गार हवा सखल भागात साचते. मात्र अशी थंडी इथे टिकून राहत नाही. तेव्हाही काही दिवसांतच बर्फ वितळू लागले. एरवी जानेवारीत दिवसाचे तापमान उणे 2 सेल्सिअसच्या आसपास, तर रात्रीचे उणे 12 च्या आसपास असते.

या टोकाच्या चढउतारांचे मूळ भूगोलात आहे. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत हवेला आडवी येणारी पूर्व-पश्चिम डोंगररांग नाही. उत्तरेची कोरडी गार हवा आणि दक्षिणेची ओली उबदार हवा या सपाटीवर सरळ एकमेकींना भिडतात. एप्रिल ते जून या काळात ही गाठ सर्वांत धोक्याची : गडगडाटी वादळे, गारपीट, क्वचित टॉर्नॅडो (ढगातून जमिनीपर्यंत सोंडेसारखा उतरणारा चक्रवात). इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी 10 वाजता टॉर्नॅडोचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी होते, त्यामुळे त्या वेळी भोंगा वाजला तरी कोणी तळघराकडे धावत नाही. काउंटीसाठी वादळाचे इशारे मात्र नदीपलीकडच्या आयोवातून, डॅव्हनपोर्टच्या हवामान कार्यालयातून निघतात.

नुकसान फक्त टॉर्नॅडोनेच होते असे नाही. 10 ऑगस्ट 2020 रोजी सरळ रेषेत घोंगावणाऱ्या वाऱ्यांचे ‘डेरेचो’ वादळ आयोवा उद्ध्वस्त करत मिसिसिपी ओलांडून उत्तर इलिनॉयमध्ये शिरले. साउथ डकोटापासून ओहायोपर्यंतचे सुमारे 1,240 किमी अंतर त्याने 14 तासांत कापले.

नदीच्या पुराचा स्थानिक पावसाशी संबंध असतोच असे नाही. वसंतात मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधला बर्फ वितळतो आणि ते पाणी काही दिवसांनी इथे पोचते. सव्हानाला लख्ख ऊन असतानाही नदी चढू शकते. एप्रिल 1965 चा पूर अशाच वितळत्या बर्फाला पावसाची जोड मिळून आला. 2023 च्या वसंतातला मोठा पूरही मुख्यतः बर्फाच्या पाण्याचाच होता.

जुलैत दुपारचे तापमान 29 सेल्सिअसच्या आसपास असते. आकडा मोठा नाही. जीव नकोसा होतो तो दमटपणामुळे, आणि त्यात मक्याचाही वाटा असतो. भर वाढीतला एक एकर मका दिवसाला 11 ते 15 हजार लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. ‘चार जुलैला मका गुडघ्याएवढा’ असा तिथला जुना ठोकताळा आहे. आजचे वाण तोवर बरेच उंच होतात, म्हण तेवढी टिकून आहे.

थॉमसनच्या परिसराचे गणित वेगळे. तिथली जमीन वाळूची, पाणी न धरणारी आणि लवकर तापणारी. सव्हानाजवळच्या अशाच वालुकामय गवताळ पट्ट्यात चक्क निवडुंग आढळतो. मक्याला ही जमीन कमी मानवते, कलिंगडाला मात्र उत्तम. त्यामुळे थॉमसन कलिंगडासाठी ओळखले जाते, आणि सप्टेंबरच्या आरंभी, लेबर डेच्या (अमेरिकी कामगार दिनाच्या) सुट्टीत तिथे कलिंगडाचा उत्सव भरतो.

शरद हा त्यातल्या त्यात निवांत ऋतू : कोरडी हवा, गार रात्री, मका-सोयाबीनची कापणी. पहिले मारक हिमतुषार साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पडतात. वसंतातल्या पावसाने पेरणी लांबली असेल, तर दाणे पक्व होण्याआधीच ते पीक गाठतात.