कोंबडीच्या शेपटीखालची जखम: घरी काय जमतं आणि कुठे थांबायचं

कोंबडीच्या पाठीवर कोंबड्याच्या नखांनी चांगला बोटभर ओरखडा पडला तरी तो बरेचदा नीट भरून येतो, पण शेपटीखाली, अंडं बाहेर येतं त्या जागेजवळची बारीकशी जखमसुद्धा थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकते. कारण ती जागाच तशी आहे. तिथे सतत शीट लागते, तिथूनच अंडं ताणून बाहेर येतं, माश्या तिथेच बसतात आणि बाकीच्या कोंबड्यांचं लक्षही तिकडेच जातं. त्यामुळे कोणतं मलम लावू हा प्रश्न नंतरचा, आधी या चार गोष्टींपासून जखम वाचवायची.

कोंबडीला मागे एकच भोक असतं. शीट, लघवी (शिटेवरचा पांढरा भाग असतो ना, तीच लघवी) आणि अंडं, सगळं तिथूनच येतं, आणि आतल्या त्या सामायिक कप्प्याला क्लोएका म्हणतात. अंडं घालताना अंडनलिकेचं शेवटचं टोक अंड्यासोबत उलटं होऊन बाहेर येतं, म्हणून अंड्याला शीट लागत नाही. ते ओलं लालभडक अंग काही सेकंद दिसतं आणि परत आत जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अडचण अशी की मागे उभ्या असलेल्या कोंबडीला पण ते दिसतं, आणि लाल चमकदार काही दिसलं की चोच मारून बघणं हा त्यांचा स्वभावच आहे. एकदा रक्त आलं की दुसरी येते, तिसरी येते, आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर आतडं ओढून काढेपर्यंत प्रकरण जातं. पहिलीच अंडी घालणारी तलंग, फार लठ्ठ कोंबडी, किंवा मोठं अंडं असलं तर अंग आत जायला वेळ लागतो आणि तिथेच घात होतो.

म्हणून जखम दिसली की ती नीट बघायच्याही आधी कोंबडी वेगळी काढा. टॉवेलमध्ये सैल गुंडाळा आणि डोक्यावर टॉवेलचं टोक टाका, अंधार झाला की ती बऱ्यापैकी शांत होते. पण छाती आवळून धरू नका प्लीज, हे मी मुद्दाम सांगतोय कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरू शकते. हातात ग्लोव्हज घाला आणि नंतर साबणाने हात धुवा, कोंबडीच्या शिटेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात.

रक्त येत असेल तर ते आधी थांबवायचं. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून साधारण १२० ते १६० मिली रक्त असतं, त्यामुळे थेंब थेंब गळत राहिलेलं पण महागात पडतं. स्वच्छ गॉज घेऊन ५ मिनिटं दाबून धरा, मध्येमध्ये उचलून बघू नका.

मग जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं आणि ते तुटलं की वेगळाच रक्तस्राव सुरू होतो. पिसं कापली की बरेचदा कळतं की जखम वाटली होती त्यापेक्षा मोठी आहे किंवा बाजूला अजून एक आहे. धुवायला उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी सगळ्यात चांगलं, १ लिटरला ९ ग्रॅम मीठ. हे प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळ जातं म्हणून झोंबत नाही आणि नवीन पेशी मरत नाहीत. सुई काढलेल्या सिरिंजने हलकी धार सोडा, भरपूर पाणी वापरा, कारण माझ्या मते अर्धं काम या धुण्यातच होतं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. स्पिरिट नको, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज तर अजिबात नको, फेस बघून बरं वाटतं पण ते भरून येणारं मांसही जाळतं. ज्या मलमात लिग्नोकेन, बेन्झोकेन अशी बधिर करणारी औषधं असतात ती टाळा, पक्ष्यांना त्यांचा डोस सहज जास्त होतो. मलम पातळच लावा, थापलं तर पिसं चिकटतात आणि त्यात शीट अडकते. शेवटी जागा पूर्ण कोरडी करा.

आता दोन गोष्टी ज्या बघून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत राहतात. पहिली म्हणजे हिरवा रंग. जखमेजवळची कातडी एक-दोन दिवसांनी हिरवट दिसली की सडलं असं वाटतं, पण कोंबडीत साकळलेल्या रक्ताचं विघटन होऊन बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं आणि आपल्यात ते पुढे पिवळं होतं तसं तिच्यात फारसं होत नाही, म्हणून मुका मार हिरवाच दिसतो. वास नसेल आणि कातडी कोरडी-काळी पडत नसेल तर थांबून बघायला हरकत नाही. दुसरी म्हणजे पू. तो आपल्यासारखा वाहत नाही! पू पातळ करायला लागणारं एक एन्झाइम पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत नसतं, त्यामुळे पू घट्ट, पिवळट गाठीसारखा जमतो. पू वाहत नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं समजू नका, कडक गाठ लागली तर डॉक्टरला दाखवा, घरी पिळू नका.

माश्यांचं काय करायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या, शीट लागलेल्या जागी माशी अंडी घालते आणि उबदार हवेत एका दिवसाच्या आतच अळ्या निघतात, मग त्या मांसात शिरतात. म्हणून कोंबडी जाळी लावलेल्या जागेत, स्वच्छ कोरड्या कापडावर किंवा कागदावर ठेवा, तो रोज बदला आणि जखम दिवसातून दोनदा तरी बघा. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने एकेक काढा, धुवा, कोरडं करा, आणि त्याच दिवशी डॉक्टरला गाठा कारण आत किती आहेत ते बाहेरून कळत नाही.

अंडी घालणं थोडे दिवस मंदावलं तर जखमेला आराम मिळतो. अंडी घालायचा इशारा मुख्यतः उजेडातून मिळतो, त्यामुळे दिवसाला ८-१० तासांपेक्षा जास्त उजेड मिळणार नाही अशा मंद जागेत तिला ठेवा. परिणाम लगेच नाही दिसत, तयार झालेलं अंडं येणारच. खाणं-पाणी मात्र कधीच तोडू नका.

घरी कुठे थांबायचं तेही सांगतो. आतडं दिसतंय, भोकाची कडाच फाटलीय, बाहेर आलेलं अंग ओलं ठेवून हलकेच आत ढकललं तरी परत येतंय, शीट होत नाहीये, किंवा कोंबडी पिसं फुगवून खाणं सोडून बसलीय, यातलं काहीही असेल तर घरचे उपाय बंद. टाके घरी घालायचे नाहीत आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या पण द्यायच्या नाहीत. डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथेच विचारून घ्या.

परत सोडायची घाई करू नका. खपली पडून खाली कोरडी फिकी कातडी आली पाहिजे, लालसर काही दिसलं तर परत तेच होणार. बरी होत असताना ती बाकीच्यांना जाळीतून दिसत राहिली तर नंतर मारामारी कमी होते. आणि एखादी ठरावीक कोंबडीच टोचत असेल तर जखमीला पुन्हा कोंडण्यापेक्षा त्या टोचणारीला काही दिवस बाजूला काढा, आणि अंडी घालायच्या खोक्यात अंधार करा म्हणजे ते लाल अंग कुणाला दिसणारच नाही.