हवामान रेडिओ: सहा आकडी कोड आला कुठून आणि अडला कुठे

अमेरिकेत पोर्टेबल हवामान रेडिओ घ्यायला गेले की खोक्यावर ठळक दिसते ते हँडल, सोलर पॅनेल, टॉर्च आणि फोन चार्ज करायची सोय. रात्री दोन वाजता हा रेडिओ आपल्याला झोपेतून उठवणार की नाही, हे मात्र मागच्या बाजूच्या बारीक ओळींत कुठेतरी असते. त्यात ‘सेम’ कोड, म्हणजे फक्त आपल्या भागाचे इशारे निवडणारे सहा आकडे, भरता येतो का, की तो फक्त हवामान खात्याच्या प्रक्षेपणाचा पट्टा पकडतो? एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या दोन वस्तूंमध्ये इतका फरक का पडला, हे समजायला नव्वदच्या दशकातला एक निर्णय आणि 2007 मध्ये अर्धवट राहिलेला एक बदल पाहावा लागतो.

त्याआधीचे थोडक्यात. शीतयुद्धाच्या काळात, 1951 पासून 1963 पर्यंत, हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी मध्यम लहरींवरच्या 640 आणि 1240 किलोहर्ट्झ या दोन जागा राखून ठेवल्या होत्या. त्या काळच्या रेडिओंच्या डायलवर या दोन आकड्यांपाशी छोटे त्रिकोण छापलेले असत. त्यात हवामानाचा विचार नव्हता. हवामान खात्याचे स्वतःचे अखंड प्रक्षेपण साठच्या दशकात 162.55 मेगाहर्ट्झवर न्यूयॉर्क आणि शिकागोतून सुरू झाले, तेही मुख्यतः जहाजे आणि बोटींसाठी. ही लहर घरातल्या साध्या रेडिओवर लागत नव्हती. वेगळा संच विकत घेणे भाग पडले ते तेव्हापासून.

11 एप्रिल 1965 ला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी म्हणजे पाम संडेला, मिडवेस्टमध्ये टॉर्नेडोंनी अडीचशेहून जास्त माणसे मारली. 3 आणि 4 एप्रिल 1974 या दोन दिवसांत 13 राज्यांत 148 टॉर्नेडो आले, ओहायोतले झीनिया शहर उद्ध्वस्त झाले आणि बळींचा आकडा तीनशेच्या वर गेला. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, थेट घराघरांत इशारा पोचवणारी एकमेव सरकारी रेडिओ यंत्रणा म्हणून या प्रक्षेपणाला मान्यता मिळाली. फ्रिक्वेन्सी एकाच्या तीन झाल्या आणि पुढे सात, 162.400 पासून 162.550 पर्यंत. आजही त्याच सात आहेत.

या काळातल्या संचांना एकच गोष्ट कळत असे, 1050 हर्ट्झचा सूर. प्रक्षेपकाने तो आठ-दहा सेकंद वाजवला की गप्प ठेवलेला रेडिओ आपोआप बोलू लागे. कल्पना उत्तम होती, पण एका प्रक्षेपकाचा टापू साधारण 60 किलोमीटरचा, आणि त्यात सहज दहा-बारा काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, बसतात. त्यांपैकी कुठल्याही काउंटीसाठी सूर वाजला की सगळ्यांचे रेडिओ वाजत. वसंतात एका रात्री चार-पाच वेळा उठावे लागले की माणूस काय करतो? प्लग काढून ठेवतो. नेमका पुढचा इशारा आपल्या गावाचा असू शकतो, हे माहीत असूनही काढतो.

यावर ऐंशीच्या दशकात खात्याने उपाय शोधला तो ‘सेम’ संकेत. सुराच्या आधी रेडिओवर जो खरखरीत, किडा किरकिरल्यासारखा आवाज येतो तोच हा. सेकंदाला 520.83 बिट या आजच्या मानाने गोगलगायीच्या वेगाने एक छोटी ओळ पाठवली जाते, आणि लहरींतल्या खरखरीत एखादा तुकडा गेला तरी चालावे म्हणून तीच ओळ तीनदा. ओळीत असते घटना कोणती, कुठल्या काउंट्यांसाठी, किती वेळ लागू, कधी निघाली आणि कोणी काढली. टॉर्नेडोच्या इशाऱ्याला तीन अक्षरे, जागेला सहा आकडे. उदाहरणार्थ 029097. पहिले शून्य म्हणजे पूर्ण काउंटी, 29 म्हणजे मिझूरी राज्य, 097 म्हणजे जॅस्पर काउंटी. रेडिओत हे सहा आकडे भरले की तो जॅस्परसाठीच वाजतो, शेजारच्या काउंटीसाठी गप्प राहतो.

1 जानेवारी 1997 पासून देशाची नवी आपत्कालीन सूचना यंत्रणा सुरू झाली, तीही याच संकेतावर उभी आहे. टीव्ही आणि रेडिओ केंद्रेसुद्धा तेच सहा आकडे वाचू लागली. दरम्यान 27 मार्च 1994 ला, पुन्हा पाम संडेलाच, अलाबामातल्या पिडमाँटजवळ एका चर्चवर प्रार्थना चालू असताना टॉर्नेडो कोसळला आणि 20 जण गेले. इशारा निघाला होता, चर्चच्या आत तो पोचला नव्हता. त्यानंतर 95 टक्के लोकसंख्या या प्रक्षेपणाच्या टप्प्यात आणण्याचे उद्दिष्ट थेट उपराष्ट्राध्यक्षांच्या पातळीवरून ठरले. आज प्रक्षेपकांची संख्या हजाराच्या वर आहे. (याच सुमारास माणसाच्या आवाजाऐवजी संगणकाचा आवाज आला. तो ऐकवेना म्हणून तक्रारी झाल्या आणि 2002 मध्ये नवे आवाज आणावे लागले. पण एकाच वेळी अनेक प्रक्षेपकांवर काही सेकंदांत इशारा पोचवणे त्याशिवाय शक्य नव्हते.)

काउंटी हे माप तेव्हा का निवडले, हे समजण्यासारखे आहे. इशारेच काउंटीवार निघत. आपत्ती व्यवस्थापनाची माणसे, भोंगे, शेरीफ, सगळे काउंटीवार. शिवाय सहा आकडे ओळखायला स्वस्तातली चिप पुरते. संच सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिला तो या साधेपणामुळे, आणि म्हणून तो निर्णय त्या वेळी बरोबरच होता.

घोळ झाला तो 1 ऑक्टोबर 2007 ला. त्या दिवसापासून टॉर्नेडो आणि वादळी पावसाचे इशारे काउंटीच्या सीमेऐवजी वादळाच्या वाटेवर नकाशात आखलेल्या बहुभुजात देणे देशभर सुरू झाले. इशाऱ्याखालचे क्षेत्र कितीतरी कमी झाले, आणि हवामानशास्त्राच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. पण ‘सेम’च्या ओळीत अक्षांश-रेखांशाला जागाच नाही. बहुभुजाचा एक कोपरा काउंटीला चाटून गेला तरी पूर्ण काउंटीचा कोड जातो आणि पूर्ण काउंटीतले रेडिओ वाजतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे 52,000 चौरस किलोमीटर आहे. तिथे काउंटीवार इशारा म्हणजे जवळजवळ 1050 हर्ट्झच्या जमान्यात परत जाणे.

यावर दोन बाजू आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की घराघरांत असलेले जुने संच एका रात्रीत निकामी करायचे नाहीत, आणि जास्त वाजलेला रेडिओ न वाजलेल्या रेडिओपेक्षा बरा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, वारंवार फुकट वाजणारा इशारा ऐकू येईनासा होतो. मला दुसरी बाजू जास्त पटते, आणि त्याला कारण जॉप्लिन. मिझूरीतल्या या शहराचा काही भाग जॅस्पर काउंटीत आणि काही न्यूटनमध्ये, म्हणजे 029097 आणि 029145 असे दोन कोड. 22 मे 2011 च्या संध्याकाळी काही मिनिटांच्या अंतराने या भागासाठी दोन इशारे निघाले, पहिला शहराच्या उत्तरेकडचा आणि दुसरा दक्षिणेकडचा. दीडशेहून जास्त माणसे गेली. नंतरच्या पाहणीत दिसले की भोंगा ऐकूनही बरेच लोक आणखी कशाची तरी खात्री होईपर्यंत थांबले, कारण भोंगे नेहमीच वाजत. काउंटीएवढ्या मापाला उत्तर आणि दक्षिण यांतला फरक सांगताच येत नाही.

विशेष म्हणजे कोडातला पहिला आकडा याचसाठी राखलेला आहे. शून्याऐवजी 1 ते 9 घातले की काउंटीचा वायव्य, उत्तर, ईशान्य असा भाग दाखवता येतो. सोय पहिल्यापासून आहे, पण ती मोजक्याच ठिकाणी वापरली जाते. मोठ्या काउंट्यांत तरी ती सरसकट वापरायला हवी होती.

हातात घेऊन फिरायच्या रेडिओचा वंश वेगळा आहे. हँडल फिरवून चालणारा रेडिओ 1991 मध्ये एका ब्रिटिश संशोधकाला सुचला. वीज आणि सेल परवडत नाहीत अशा आफ्रिकेतल्या गावांपर्यंत आरोग्याची माहिती पोचावी हा त्याचा हेतू होता. आत स्प्रिंग होती, ती गुंडाळायची आणि ती उलगडताना वीज तयार व्हायची. पुढे स्प्रिंग गेली, चार्ज होणारी बॅटरी आली, टॉर्च आणि सोलर पॅनेल चिकटले आणि त्यात हवामानाचा पट्टाही बसवला गेला. या घराण्यात सतत कान उघडा ठेवून कोडाची वाट पाहणारा भाग मुळात नव्हता. तो घातला तर बॅटरी रात्रभर हळूहळू उतरते, म्हणून बहुतेक स्वस्त पोर्टेबल संचांत आजही तो नसतो. काहींवर ‘अलर्ट’ लिहिलेले असते, पण तो फक्त 1050 हर्ट्झचा सूर ओळखतो. हँडलचे म्हणाल तर ऐकण्यापुरते ते उपयोगी पडते, पण त्यावर फोन पूर्ण चार्ज करायचा म्हणजे तासन्‌तास हात फिरवणे.

बाहेर, ट्रेकवर किंवा बोटीत, कोडाची दुसरी अडचण समोर येते. घरचा कोड भरलेला रेडिओ काउंटीची हद्द ओलांडली की नव्या जागेच्या इशाऱ्याला गप्प बसतो. म्हणून फिरतीच्या संचात ‘सर्व काउंट्या’ अशी निवड असणे महत्त्वाचे. चॅनेलचीही एक गफलत नेहमी होते. सर्वांत स्पष्ट ऐकू येणारा प्रक्षेपक आपल्या काउंटीचे इशारे देतोच असे नाही, तेव्हा कोड आणि चॅनेल यांची जोडी यादीत पाहूनच लावावी लागते. दरीत सिग्नल तुटतो, कारण या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अँटेना साधारण 46 सेंटिमीटर बाहेर काढली की ती या लहरींच्या पाव लांबीला जुळते, त्याहून जास्त ताणून फायदा होईलच असे नाही.

फोन आला तेव्हा रेडिओचे काम संपले असे बऱ्याच जणांना वाटले. 2012 पासून मोबाइलवर आपत्कालीन इशारे येऊ लागले, आधी तेही काउंटीवार. 2019 च्या अखेरीपासून नियमाने ते बहुभुजाच्या बाहेर फार तर 0.1 मैल, म्हणजे सुमारे 160 मीटर, सांडायची मुभा उरली. जे रेडिओला जमले नाही ते फोनला जमले. पण 2017 मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोतले सुमारे 95 टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते. तेव्हापासून घरात कोडवाला संच, पिशवीत साधे सेल चालणारा छोटा रेडिओ आणि खिशात फोन अशी तिहेरी सोय ठेवण्याचा सल्ला जास्त ऐकू येतो, आणि तो योग्य आहे. साध्या सेलचा आग्रह यासाठी की आत बंद केलेली बॅटरी दोन-चार वर्षे कपाटात पडून राहिली की ऐन वेळी किती उरली असेल सांगता येत नाही. सेल मात्र संचाबाहेर ठेवावेत, नाहीतर ते गळतात आणि आतले पत्रे खातात.

कोड बरोबर भरला आहे का हे तपासायची एकच सोपी वाट आहे, दर आठवड्याची चाचणी. ती बहुधा बुधवारी दुपारच्या आत होते आणि हवामान खरोखर बिघडलेले असेल तर पुढे ढकलली जाते. काही संच ती आली की फक्त दिवा लावतात, आणि टेबलावरचे काही संच दहा दिवस एकही संकेत मिळाला नाही तर पडद्यावर तसे सांगतात. पोर्टेबल संचांत ही शेवटची सोय क्वचितच मिळते. असा संच घ्यायचा असेल तर माहितीपत्रकात ती आहे का हे आधी पाहून घ्यावे, टॉर्च किती प्रखर आहे ते नंतर.