कोणावर तपासले, कोणाला लागू केले?

सारख्या लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोकांना बाणाची टोके जोडलेली, दुसरीच्या टोकांना तीच उलटी, बाहेर फाकलेली. दुसरी रेघ लांब दिसते, आणि पट्टीने मोजून खात्री केली तरी लांबच दिसत राहते. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये मांडलेला हा भ्रम पाहिला की कोणालाही वाटेल, माणसाच्या डोळ्यांची घडणच अशी असणार.

पण १८९८ मध्येच त्याला धक्का बसला होता. केंब्रिजहून ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीत गेलेल्या मोहिमेत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी मरे बेटावरच्या रहिवाशांना या रेघा दाखवल्या. ते इंग्रज लोकांपेक्षा कमी फसले. पुढे १९६० च्या दशकात मार्शल सीगल, डोनाल्ड कॅम्पबेल आणि मेल्व्हिल हर्सकोव्हिट्स यांनी अनेक समाजांत हीच चाचणी घेतली. अमेरिकी विद्यार्थ्यांना दोन्ही रेघा सारख्या वाटण्यासाठी एक रेघ जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढवावी लागे. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांवर मात्र भ्रमाचा परिणाम जवळजवळ नव्हताच. असे का, यावर अजून वाद आहे.

एका समाजात तपासलेले दुसऱ्याला लागू पडेल का, हा प्रश्न मानसशास्त्राच्या सुरुवातीच्या प्रयोगकर्त्यांना पडण्याचे कारणच नव्हते. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला तो एकाच माणसाच्या, म्हणजे स्वतःच्या, स्मरणशक्तीवरून. मनाचे नियम सर्वांना सारखे, हे गृहीतच होते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो म्हणून.

खरी गुंतागुंत १९३० च्या दशकात झाली, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये पाहणीसाठी माणसे यादृच्छिकपणे निवडण्याचा पाया घातला. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात प्रयोगासाठी यादृच्छिक वाटणीची बाजू मांडली. दोन्हीकडे चिठ्ठ्याच टाकायच्या, पण काम वेगळे. समजा, एका खोलीत साठ विद्यार्थी आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले, एका गटाला काही शिकवले, दुसऱ्याला नाही. निकालात फरक पडला तर तो शिकवण्यामुळे, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. पण हे साठ जण त्या खोलीत कसे आले, याबद्दल ती चिठ्ठी काहीच सांगत नाही. प्रयोगशाळांनी फिशर यांची चिठ्ठी उचलली, नेमन यांची बाजूला राहिली. मला या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली निवड हीच वाटते.

इशारे मिळत होते. मानवी वर्तनाचे शास्त्र हे मुख्यतः कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे शास्त्र झाले आहे, असे क्विन मॅकनेमार यांनी १९४६ मध्येच लिहिले. १९५७ मध्ये वर उल्लेख आलेल्या कॅम्पबेल यांनीच या दोन प्रश्नांना नावे दिली. फरक खरोखर प्रयोगामुळे पडला का, ही अंतर्गत वैधता. तो आणखी कोणाला आणि कुठे लागू होतो, ही बाह्य वैधता. नावे पाठ्यपुस्तकांत गेली, सहभागी मात्र वर्गातलेच राहिले. १९८६ मध्ये डेव्हिड सीअर्स यांना सामाजिक मानसशास्त्राबद्दल तीच तक्रार पुन्हा करावी लागली.

वातावरण हलले ते अर्थशास्त्रातल्या एका खेळामुळे. एकाला पैसे द्यायचे, त्यातला किती वाटा दुसऱ्याला द्यायचा ते त्याने ठरवायचे. दुसऱ्याने नाकारले तर दोघांनाही काही नाही. लॉस एंजेलिसचे विद्यार्थी सरासरी ४८ टक्के देऊ करत. जोसेफ हेन्रिक यांनी पेरूच्या ॲमेझॉन भागातल्या माचिगेंगा लोकांबरोबर तोच खेळ खेळला, तेव्हा सरासरी २६ टक्क्यांवर आली आणि इतका कमी वाटाही क्वचितच कोणी नाकारला. मग २००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी आघाडीची अमेरिकी मानसशास्त्रीय नियतकालिके चाळून दाखवले की ६८ टक्के नमुने, म्हणजे तपासलेले लोकांचे गट, अमेरिकेतले होते. २०१० मध्ये हेन्रिक, स्टीव्हन हाइने आणि आरा नोरेन्झायन यांनी पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही समाजांसाठी ‘वीअर्ड’ (WEIRD, इंग्रजीत अर्थ ‘विचित्र’) हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव रूढ केले.

तरीही पुन्हा करून पाहिल्यावर फसलेल्या प्रत्येक प्रयोगाचे खापर ‘लोक वेगळे होते’ यावर फोडता येत नाही. २०१८ च्या एका मोठ्या प्रकल्पात २८ निष्कर्ष ३६ देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक लोकांवर पुन्हा तपासले. निम्मे टिकले, आणि जे पडले ते बहुतेक सगळीकडेच पडले. अर्थात, त्यातही बरेचसे सहभागी विद्यार्थी किंवा इंटरनेटवरून आलेले होते.

डॅनियल सायमन्स, युइची शोदा आणि स्टीफन लिंडसे यांनी २०१७ मध्ये एक साधी गोष्ट सुचवली होती: आपला निष्कर्ष कोणत्या लोकांना, कोणत्या साहित्याने आणि कोणत्या परिस्थितीत लागू पडेल असे आपल्याला वाटते, ते प्रत्येक संशोधकाने आपल्या शोधनिबंधातच लिहावे.