चालत्या डिस्कचा बॅकअप घेताना थांबतं कोण?

‘आमच्याकडे रोज रात्री स्नॅपशॉट होतो, वेगळा बॅकअप कशाला?’ व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं. (स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एका ठरावीक क्षणाची गोठवलेली स्थिती.) दुसरा तितकाच घट्ट समज म्हणजे, बॅकअप सुरू झाला आणि मशीन रेंगाळलं की ‘डिस्क गेली, नवी घ्या’. दोन्ही समज एकाच अज्ञानातून आलेत. चालू मशीनची नक्कल करताना डिस्कवरच्या प्रत्येक लिखाणाचं काय होतं, हे सहसा कुणी सांगतच नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ सालचं. २००७ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं आणि ही सोय लिनक्समध्येच मिळू लागली. आतल्या संगणकाला आपली डिस्क खरीखुरी वाटते, बाहेरून मात्र ती बऱ्याचदा एक अवाढव्य फाइल असते. मग ती फाइल कॉपी केली की झाला बॅकअप! मशीन बंद असेल तर खरोखर एवढंच पुरतं.

पण १ टीबीची फाइल सेकंदाला १०० एमबी वेगाने उचलायची तर १०,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास. तेवढा वेळ मशीन बंद ठेवणं क्वचितच परवडतं. आणि चालू ठेवून कॉपी केली तर? जाड खातेवहीची नक्कल चालू असताना मूळ वहीत नोंदी होतच राहिल्या, तर नकलेचं पहिलं पान सकाळचं आणि शेवटचं दुपारचं निघेल. अशी नक्कल कुठल्याच एका क्षणाची नसते, आणि डेटाबेसला ती चालत नाही. म्हणून आधी एक क्षण गोठवावा लागतो. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात जुन्या फाइलला हातच लावायचा नाही. नवीन लिखाण शेजारच्या नव्या फाइलमध्ये वळवायचं आणि जुनी फाइल निवांत कॉपी करायची. क्यूकाऊ२ या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या डिस्क-फाइलच्या प्रकाराला हे सहज जमतं, आणि स्नॅपशॉट क्षणात होतो. किंमत नंतर मोजावी लागते. वाचताना दरवेळी ‘हा तुकडा नव्या थरात आहे की जुन्या?’ हे तपासावं लागतं. शिवाय या फाइलचे तुकडे सहसा ६४ केबीचे असतात. त्यामुळे नव्या थरात पहिल्यांदा ४ केबी लिहायचे झाले, तरी उरलेले ६० केबी जुन्या थरातून उचलून आणावे लागतात. काम झाल्यावर थर पुन्हा एकत्र करायचे, म्हणजे आणखी लिखाण. स्नॅपशॉट काढून टाकायला विसरलेलं मशीन महिन्यांनी मंदावलेलं दिसतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

दुसरा मार्ग मला अधिक मोहवतो. इथे नवीन लिखाण मूळ जागीच होतं, पण त्याआधी तिथला जुना मजकूर बाजूला काढला जातो. एलव्हीएम, म्हणजे लिनक्समधली डिस्कचे भाग सांभाळणारी व्यवस्था, तिचे पारंपरिक स्नॅपशॉट याच तत्त्वावर चालतात. म्हणजे एका लिखाणाची तीन कामं झाली: जुनं वाचा, ते दुसरीकडे लिहा, मग नवीन लिहा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कला एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेली कामं असतील तर अशी डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभरच्या पुढे फारशी जात नाही. त्याला तीनने भागा. डिस्क धडधाकट असूनही मशीन का रेंगाळतं, ते लगेच कळेल. मात्र हा भुर्दंड प्रत्येक तुकड्याला फक्त एकदाच पडतो. एकदा जुना मजकूर सुरक्षित झाला की त्या जागेवरचं पुढचं लिखाण मोकळं होतं.

क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बॅकअपमध्ये याच कल्पनेला एक वेगळं वळण आहे. तिथे जुना मजकूर थेट बॅकअपच्या ठिकाणी पाठवला जातो. बॅकअप एकेक तुकडा उचलत पुढे सरकत असतो. तो अजून पोचला नाही अशा जागी मशीनने लिहायला घेतलं, तर तो तुकडा रांग मोडून आधी पाठवतात, आणि तो पोचेपर्यंत आतलं लिखाण थांबून राहतं. आता बॅकअपची डिस्क नेटवर्कच्या पलीकडे असेल आणि मंद असेल, तर इथल्या वेगवान एसएसडीचा काहीच उपयोग नाही. आतला डेटाबेस त्या दूरच्या डिस्कच्या गतीने चालू लागतो! नवी एसएसडी घेऊनही फरक पडत नाही तो यामुळेच. क्यूईएमयूवर उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्स या व्यवस्थेने २०२४ मध्ये ८.२ आवृत्तीत यावर तोड दिली: जुना तुकडा आधी जवळच्या वेगवान डिस्कवर टाकायचा आणि तिथून सावकाश पलीकडे न्यायचा.

आता दुसऱ्या दिवशीचा बॅकअप. पुन्हा सगळा १ टीबी वाचायचा? गरज नाही. डिस्कचे ६४ केबीचे तुकडे पाडा, प्रत्येकासाठी एक बिट ठेवा, आणि तुकडा बदलला की बिट १ करा. १ टीबीसाठी सुमारे १ कोटी ६८ लाख बिट लागतात, म्हणजे जेमतेम २ एमबी. एवढ्याशा नकाशावर रात्रीचं तासांचं काम मिनिटांवर येतं. व्हीएमवेअरने २००९ मध्ये आणि क्यूईएमयूने २०१५ मध्ये ही युक्ती आणली. ‘कामगिरीवर शून्य परिणाम’ अशा जाहिराती करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा, कारण परिणाम कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, पण शून्य होत नाही.

स्नॅपशॉट बॅकअप का नाही, तेही यातून निघतं. नवा थर जुन्या थराशिवाय अपुरा असतो, आणि दोन्ही त्याच डिस्कवर बसलेले असतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीची, मुख्य डेटाबेसच्या फाइल असलेली डिरेक्टरी चुकून पुसली गेली. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती असून एकही धड चालत नव्हती, हे कंपनीने स्वतःच जाहीर केलं. वाचवलं ते सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने, आणि तेही त्यातला मजकूर चाचणीच्या दुसऱ्या मशीनवर नेलेला होता म्हणून. पण त्या मशीनच्या डिस्क इतक्या मंद होत्या की डेटा परत आणायला सुमारे १८ तास लागले. परत आणण्याचा वेगही आधीच मोजून ठेवायला हवा, हे यातून दिसतं.

आणि बॅकअपमुळे मशीन किती रेंगाळतं, ते मोजायचं कसं? डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेने शून्यांची फाइल लिहून ‘सेकंदाला २ जीबी’ पाहणं निरर्थक आहे, कारण तो आकडा बहुतेक वेळा रॅमचा असतो. त्यापेक्षा डिस्कवर मुद्दाम भार टाकून वेग मोजणारं एफआयओ हे साधन घ्या. रॅममधला कॅशे (तात्पुरता साठा) टाळून ४ केबीची विखुरलेली लिखाणं करायला लावा, आणि ती चाचणी बॅकअप सुरू झाल्यापासूनची पहिली काही मिनिटं चालू ठेवा. तेव्हा बहुतेक तुकडे उचलायचे बाकी असतात, म्हणून अडवणूक सर्वाधिक तेव्हाच होते. सरासरी पाहू नका. शंभरातल्या सर्वांत संथ एका लिखाणाला किती वेळ लागला ते पाहा, आणि बॅकअपचं ठिकाण बदलून तीच चाचणी पुन्हा करा.