जुनी डिझेल एसयूव्ही बिघडली, तर आधी काय पाहायचं?

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सातारा)

सेकंडहँड बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी किंवा डस्टर घेतलेले बरेच ग्राहक पहिल्या काही महिन्यांतच आमच्याकडे येतात. गाडी मुळात दणकट असते, पण आधीच्या मालकाने काय केलं आणि काय टाळलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. अशा गाडीत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो अंदाजाने पार्ट बदलण्यात. सेल्फ मारत नाही म्हणून नवी बॅटरी, मग नवा सेल्फ, मग अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र), आणि शेवटी सापडते ती इंजिनापासून चेसिसला जाणारी गंजलेली अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी). म्हणून आमचं सगळ्या ग्राहकांना एकच सांगणं असतं: आधी तपासा, मग बदला. तपासायची सुरुवात नेहमी बाहेरच्या आणि स्वस्त गोष्टींपासून करा. त्यातल्या काही तुम्ही घरच्या घरी करू शकता.

तक्रार नीट सांगा, अर्धं काम तिथेच होतं

"गाडी आवाज करते" एवढ्यावरून काही कळत नाही. आवाज सकाळी थंड इंजिनावर येतो की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढतो का? गाडी उभी असताना येतो की चालताना? डावीकडे वळताना येतो आणि उजवीकडे वळताना थांबतो का? हे लिहून आणा. मोबाईलवर आवाज किंवा धुराचा व्हिडिओ काढून ठेवलात तर उत्तमच. गॅरेजमध्ये आल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

सकाळी गाडी सुरू होत नाही

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं, तिकडे लक्ष द्या. भराभर टकटकटक असा आवाज येत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले आहेत. एकच 'टक' होऊन शांतता पसरली आणि दिवे मात्र झगझगीत राहिले, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरवर. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका. भानगड डिझेलची, हीटर प्लगची (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा प्लग) किंवा सेन्सरची आहे.

साधा मल्टीमीटर घरात असला तर फार उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर निम्मी उतरली म्हणायची. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट खेचतो आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर आधी बेल्ट आणि जोडण्या बघाव्यात, अल्टरनेटर उतरवण्याची घाई करू नये.

अर्थिंगची चाचणी फार कमी लोक करतात, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरायची आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या वाटेत कुठेतरी गंज आहे. पट्टी काढून दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज सँडपेपरने घासायचा आणि बोल्ट पुन्हा घट्ट करायचा. कोकणातून आलेल्या गाड्यांमध्ये पट्टी वरून चांगली दिसते, पण बोल्टखाली हिरवट पूड साचलेली असते.

गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल, तर नंतर बसवलेल्या वस्तू तपासा: एलईडी बार, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, ट्रॅकर. यांच्या वायरी पुष्कळदा मूळ वायर सोलून, नुसता पीळ देऊन आणि वर टेप गुंडाळून जोडलेल्या असतात. गाडी बंद करून सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) झोपल्यावर करंट ५० मिलीअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत गेलं की चोर सापडतो. आणि एक कळकळीची विनंती: १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे २० चा घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

शेताजवळ किंवा शेडमध्ये गाडी लावत असाल तर उंदीर हेही मोठं कारण आहे. एकाच वेळी दोन-तीन दिवे पेटले, गाडी मिसिंग मारायला लागली, तर बॉनेट उघडून इंजिनावरच्या कव्हरखाली लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा.

घाटात पिकअप मिळत नाही, धूर येतो

पसरणी किंवा केळघर घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर येते, काळा धूर ओकते, सपाटीवर मात्र बरी चालते, ही आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार. "टर्बो गेला" असं कोणी सांगितलं असेल तर लगेच मान्य करू नका. टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी पाईप आधी बघायला हवेत. चीर बहुतेक वेळा पाईपच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असते. वरून पाईप धडधाकट दिसतो. हाताने दाबून वाकवला की चिरेचं तोंड उघडतं, आणि त्या जागी तेलात भिजलेली काळी धूळ चिकटलेली असते. इंजिन जोर लावतं तेव्हा हवा तिथून निसटते, डिझेल तेवढंच पडतं, म्हणून धूर काळा. त्यानंतर एअर फिल्टर, मग ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि टर्बोचा व्हॅक्यूमचा बारीक पाईप. टर्बोचा नंबर या सगळ्यांनंतर.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर फक्त थंडीतल्या सकाळी दोन मिनिटं येऊन थांबत असेल तर हीटर प्लग तपासून घ्या. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटही कमी होत गेलं, तर गाडी चालवू नका, थेट घेऊन या.

रात्रभर उभी राहिल्यावर खूप वेळ सेल्फ मारावा लागतो पण एकदा सुरू झाली की दिवसभर त्रास नाही, याचा अर्थ बऱ्याचदा डिझेलच्या लाईनने हवा धरली आहे. फिल्टरचं सील, पाईपचे जोड आणि प्रायमिंगचा हातपंप (हाताने डिझेल पुढे ढकलणारा) ही तीन ठिकाणं पाहावीत. फिल्टरखालचा पाण्याचा बूच पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून पाणी काढून टाकावं.

मात्र कॉमन रेल इंजिनावर (यात 'रेल' नावाच्या एका सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाने डिझेल जातं) इंजेक्टरचा नट ढिला करून "हवा काढण्याचा" जुना उपाय कोणालाही करू देऊ नका. टायरमध्ये हवा असते जेमतेम सव्वादोन बार. या पाईपमध्ये इंजिन जोर लावताना हजार-सोळाशे बारपर्यंत दाब जातो. ती बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते.

काटा वर चढला तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा, जागा बघून गाडी बाजूला घ्या. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर इंजिन बंदच करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत राहिलं की आत क्षार धरतात आणि बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं.

सपाटीवर ठीक, पण घाटात तापते: रेडिएटरची जाळी बाहेरून चिखलाने भरली आहे का आणि व्हिस्कस फॅन (रेडिएटर तापल्यावर आपोआप जोर धरणारा पंखा) पकडतो का, हे पाहावं. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) संशय घ्यावा.

गाडीखालून येणारे आवाज

वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूंघूं व्हील बेअरिंगची असते. क्लच सोडताना मागून टणकन आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर आधी व्हील बॅलन्सिंग, फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क. लिव्हरने लागणारं फोर बाय फोर असेल तर ते कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका. गिअरच्या यंत्रणेत पीळ बसतो आणि लिव्हर अडकतो. तसा अडकलाच तर गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतो.

चेक इंजिन लाईट

स्कॅनर कोड दाखवतो, पार्ट दाखवत नाही. पी ००८७ या कोडचा अर्थ एवढाच की रेलमध्ये डिझेलचा दाब कमी पडतोय. कारण चोंदलेला फिल्टरही असू शकतो आणि महागडा पंपही. त्यामुळे कोडचा फोटो दाखवून कोणी पंपाचं बिल पुढे केलं, तर "प्रेशर मोजलं का?" एवढं नक्की विचारा. दिवा जावा म्हणून बॅटरी काढून जोडू नका. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, तापमान किती होतं, ही नोंद त्याने पुसली जाते आणि आम्हाला पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं.

पाण्यात गाडी बंद पडली तर

पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून आणा. जुनी गाडी घेताना ती पुरातली आहे का हे पाहायचं असेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या भागावर चिखलाचा डाग राहतो.

गॅरेजला येताना

सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर सोबत आणा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) असलेल्या गाडीत तो बदलल्याचा कागद मिळाला नाही, तर तो बदललेला नाही असंच आम्ही धरतो, कारण चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. सकाळच्या तक्रारीसाठी गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जा, म्हणजे थंड इंजिन आम्हाला स्वतः सुरू करता येईल. बदललेला प्रत्येक जुना पार्ट तुम्हाला परत मिळेल, तो मागून घ्या. आणि टाकीत निदान पाव टाकी डिझेल असू द्या, पिकअपची तक्रार तपासायला गाडी घाटात न्यावी लागते.