जबडा पुढे आलाय? चप्पल नंबर विचारा

ओळखीतली एक पोरगी बीडीएसच्या (दातांच्या डॉक्टरकीच्या) शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत सोलापूरला आली होती. तिला विचारलं, अ‍ॅक्रोमेगाली (मोठेपणी ग्रोथ हार्मोन वाढून होणारा आजार) माहितीय का? धडाधड सगळं म्हणून दाखवलं, मोठा जबडा, जाड जीभ, दातांत फटी, पिट्युटरीची गाठ. मग म्हटलं, ४५ वर्षांचा माणूस आला आणि म्हणाला कवळी नीट बसेना, तर काय करशील? "नवीन माप घेईन की काका." बास, मुद्दा इथंच आहे, जबडा वाढल्यानंही कवळी बसेनाशी होते हे सुचलंच नाही. परीक्षेपुरतं पाठ असतंय, पण समोरच्या पेशंटवर शंका येत नाही. दोष तरी कुणाला देणार, दहा लाख लोकांत वर्षाला तीन-चार नवीन पेशंट.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी असते, तिच्यात साधी गाठ (कॅन्सर नव्हे) होते आणि ग्रोथ हार्मोन वाढतं, त्याच्या सांगण्यावरून लिव्हर आयजीएफ-१ नावाचं प्रोटीन जास्त बनवतं, आणि वाढीचं बरंचसं काम तेच करतं. लहानपणी झालं तर उंची वाढतच जाते. मोठेपणी लांब हाडांच्या टोकांची कूर्चा (जिच्यातून हाड वाढतं तो मऊ भाग) बंद झालेली असते, म्हणून उंची नाही वाढत. पण खालचा जबडा?

कानापुढे बोट ठेवा, तोंड उघडा-मिटा. जे हलतंय ते जबड्याचं वरचं टोक, कॉन्डाइल. तिथली कूर्चा लांब हाडांसारखी पूर्ण संपत नाही, वरच्या पातळ थराखाली विभाजन होऊ शकणाऱ्या पेशी शिल्लक राहतात. आयजीएफ-१ वाढलं की त्या परत कामाला लागतात, कूर्चा तयार होते, तिचं हाड होतं, आणि जबडा मागून लांबत जातो म्हणून हनुवटी पुढे येते. वरचा जबडा कवटीला जखडलेला, तो तेवढा सरकत नाही, मग खालचे दात वरच्यांच्या पुढे. त्यात जीभ जाडावते आणि दात बाहेर ढकलते, फटी पडतात.

आता आपल्याकडे मावा-गुटख्यामुळं हिरड्या खराब असलेले पेशंट रोजचेच, त्यामुळं फट दिसली की पायरिया म्हणून मोकळे. पण दात हलत नाहीत, हिरड्या बऱ्या आहेत, तरी फटी वाढतायत, तर दोन प्रश्न जास्त विचारा, चप्पलचा नंबर वाढला का, अंगठी घट्ट झाली का. आणि आधार कार्ड मागा, फोटो कितीही वाईट असला तरी दहा वर्षांपूर्वीचा चेहरा शेजारी धरता येतो. घरच्यांना फरक कळत नाही, बदल फार हळू असतो, निदानाला कित्येकदा पाच ते दहा वर्षं जातात. दातात फट म्हणजे नशीबवान म्हणणारे आहेतच, जन्मापासूनची असेल तर हरकत नाही, पण चाळिशीनंतर नव्यानं पडणारी फट नशीब नव्हे, तिच्यामागं हा आजार असेल तर तो बीपी, शुगर आणि हृदयाचा त्रास सोबत आणू शकतो.

शंका आली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) पाठवा. ग्रोथ हार्मोन दिवसभर झटक्याझटक्यानं येतं, झोपेत जास्त, त्यामुळं एकदाच मोजून उपयोग नाही. आयजीएफ-१ मात्र बऱ्यापैकी स्थिर असतं, पहिली टेस्ट तीच. पक्कं करायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात, निरोगी माणसात हार्मोन खाली येतं, गाठ असेल तर येत नाही. मग एमआरआय, आणि बहुतेकदा नाकातून ऑपरेशन. त्यानंतर सूज उतरते, जीभही थोडी आटते, पण वाढलेलं हाड परत लहान होत नाही. त्यामुळं जबड्याचं ऑपरेशन करायचं तर आयजीएफ-१ ताब्यात आल्यावरच.