अ‍ॅव्हरेज घटलं, सेल्फही लांबला? आधी इंजिनाचं तापमान बघा

जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं आणि ती सुरू व्हायलाही त्रास देऊ लागली, की सरसकट प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ होतात. दोन्ही तक्रारी जोडीने आल्या असतील, तर आधी कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमान सेन्सर आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) तपासावा.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा पेट्रोल सोडतो. इंजिन तापल्यावर एरवी हे प्रमाण वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल इतकं राखलं जातं. इंजिन तापलंय की नाही, हे ईसीयूला कळतं ते या सेन्सरकडून. तो तापलेल्या इंजिनालाही थंड म्हणू लागला, की जादा पेट्रोल जातच राहतं: प्लगवर कोरडी काजळी, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, गरम गाडी पुन्हा सुरू करताना धक्के. उलट, तो थंड इंजिनाला गरम म्हणत असेल तर सकाळीच सेल्फ लांबतो. त्रास कधी होतो यावरून अर्धं निदान होतं.

रात्रभर उभ्या गाडीचं इग्निशन सकाळी नुसतं ऑन करा. स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. स्कॅनर नसेल तर कनेक्टर काढून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा: बहुतेक सेन्सरमध्ये 20 अंशांना 2 ते 3 किलोओहम, 80 अंशांना सुमारे 300 ओहम. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर तोही साफ करा. डॅशबोर्डचा काटा बरोबर आहे एवढ्यावर विसंबू नका; अनेक गाड्यांत त्याचा सेन्सर वेगळा असतो.

गाडी जास्त तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची वाईट खोड आपल्याकडे आहे. मग कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत, हायवेवर इंजिन पुरेसं तापतच नाही, म्हणून जादा पेट्रोल जात राहतं. थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बऱ्याचदा 82, झडप उघडायला लागली पाहिजे. गार पाण्यातच उघडी असेल तर बदला.

हे दोन्ही ठीक निघाले, तर इग्निशन दोन सेकंद ऑन, मग ऑफ, असं तीनदा करून सेल्फ मारा. गाडी लगेच सुरू झाली, तर लाइनमधलं पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. पंपाची नॉन-रिटर्न (पेट्रोल मागे जाऊ न देणारी) झडप किंवा गळका इंजेक्टर शोधा.